डिजिटल ट्विन घ्यायचं की आधी थर्मामीटर?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आमचं दोनशे खाटांचं धर्मादाय रुग्णालय आहे. इमारत सात मजली, पंधरा वर्षांची. एका कंपनीनं विश्वस्तांना डिजिटल ट्विनचं, म्हणजे इमारतीच्या संगणकातल्या जुळ्या प्रतिकृतीचं, सादरीकरण दाखवलं. पडद्यावर आख्खी इमारत फिरते, खोलीवर बोट ठेवलं की तिथलं तापमान दिसतं. विश्वस्त खूश आहेत. देखभाल माझ्याकडे आहे आणि यातून मला नक्की काय मिळणार ते कळत नाही. घ्यावं का? घ्यायचं तर सुरुवात कुठून? पुलांना, धरणांना सेन्सर लावतात, तसे इमारतीच्या सांगाड्यालाही लावून घ्यावेत का?"

ते फिरणारं चित्र आत्ता घेऊ नका. त्यातल्या थोड्याच पैशांत तुमच्या चिलर प्लँटचं (पाणी गार करून इमारत थंड ठेवणाऱ्या यंत्रणेचं) एक छोटं, दिसायला कुरूप पण खरं बोलणारं ट्विन उभं राहील, ते घ्या. सांगाड्याचं पुढे सांगतो. सव्वीस वर्षं वातानुकूलन आणि बीएमएसच्या (इमारतीतली यंत्रं एका पडद्यावरून बघणाऱ्या, चालवणाऱ्या यंत्रणेच्या) कामात गेली. सुरुवात पॅनेलच्या वायरिंगपासून केली. असल्या यंत्रणा विकणाऱ्यांकडे नोकरी केली आणि नंतर विकत घेणाऱ्यांचा सल्लागार झालो, त्यामुळे दोन्हीकडची सोंगं माहीत आहेत.

माझं गाव पाटण तालुक्यातलं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा माझा जन्म व्हायचा होता, पण आमच्या घरात तो परवाच झाल्यासारखा सांगितला जायचा. त्या वेळी धरणाच्या पोटातल्या गॅलरीत एक त्वरणमापक बसवलेला होता. प्रवाहाच्या दिशेनं बसलेला जास्तीत जास्त हिसका त्यानं ०.४९ जी असा नोंदवला, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या जवळपास निम्मा. धरणाचं संकल्पन करताना भूकंपासाठी धरलेला गुणांक होता ०.०५. (हे दोन आकडे अगदी एका जातीचे नाहीत, पण अंतराची कल्पना यावी.) १०३ मीटर उंचीचं धरण उभं राहिलं. मात्र न सांडणाऱ्या भागात, खालच्या अंगाचा उतार जिथे एकदम बदलतो त्या पातळीजवळ, आडव्या भेगा पडल्या. पुढे अभियंत्यांनी तीच नोंद गणिती मॉडेलला खाऊ घातली, तेव्हा मॉडेलनंही ताण त्याच पातळीला एकवटलेला दाखवला. आजही काँक्रीट धरणाच्या भूकंप-विश्लेषणाची नवी पद्धत निघाली की ती कोयनेवर घासून बघतात.

ट्विन हा शब्द तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता, पण वस्तू तीच. एक खरं बांधकाम, त्याच्यावरचं मापन, आणि "या परिस्थितीत असं व्हायला हवं" असं सांगणारं मॉडेल. कोयनेत ही तुलना घटना घडून गेल्यावर, सवडीनं झाली. आता ती दर पंधरा मिनिटांनी करता येते. तुम्हाला दाखवलेल्या चित्रात पहिल्या दोन गोष्टी आहेत, तिसरी नाही. वॉर्डात २६ अंश आहेत हे ते सांगेल. बाहेर एवढा उकाडा, आत एवढी माणसं, वाल्व्ह पूर्ण उघडा, मग २४ का नाहीत, हे विचारणार नाही. तो प्रश्न विचारणाऱ्याला मी ट्विन म्हणतो. बाकीचा रंगीत डॅशबोर्ड.

आता तुमचा प्लँट. चिलरमधून साधारण ७ अंशांचं पाणी निघतं, एएचयूच्या (हवा गार करून खोल्यांत सोडणाऱ्या यंत्राच्या) कॉइलमध्ये हवेतली उष्णता उचलतं आणि साडेबाराच्या आसपास परत येतं. हा साडेपाच अंशांचा फरक संकल्पनात धरलेला असतो. त्या फरकानं १०० टन (इथे टन हे थंडावा मोजायचं एकक) थंडाव्यासाठी सेकंदाला साधारण १५ लिटर पाणी फिरवावं लागतं. फरक ३ अंशांवर उतरला की त्याच १०० टनांना २८ लिटर लागतात. पंप पळत राहतात. पाणी पुरेना म्हणून ऑपरेटर दुसरा चिलर चालू करतो, आणि मग दोन्ही चिलर अर्धपोटी चालत राहतात. वॉर्ड थंड असतात, त्यामुळे तक्रार कुणाचीच येत नाही. फक्त बिल वाढतं.

फरक का घसरतो? बहुतेक वेळा कारण अगदी घरगुती निघतं. कुणीतरी कन्सल्टिंग रूमचा थर्मोस्टॅट १८ वर नेऊन ठेवलेला असतो. ती खोली १८ ला कधीच पोहोचत नाही, वाल्व्ह चोवीस तास सताड उघडा राहतो आणि पाणी पुरेशी उष्णता न उचलताच माघारी येतं. किंवा कॉइलवर धुळीचा थर असतो. किंवा कमिशनिंगच्या, म्हणजे यंत्रणा पहिल्यांदा चालू करण्याच्या, वेळी उघडलेला बायपास (कॉइलला वळसा घालणारी वाट) बंद करायचा राहून गेलेला असतो, पंधरा वर्षं.

हे पकडायला लागणारं मॉडेल कागदाच्या एका पानावर मावतं. बाहेरचं कोरडं आणि वेट बल्ब तापमान (ओलं कापड गुंडाळलेल्या थर्मामीटरचं, म्हणजे हवेतला दमटपणा धरून येणारं), प्लँटनं दिलेला थंडावा, त्यासाठी लागलेली वीज. प्लँट नीट चालला होता अशा काही महिन्यांच्या नोंदींवरून "एवढ्या भाराला, एवढ्या वेट बल्बला एवढी वीज" अशी रेषा काढायची आणि रोजची वीज तिच्याशी ताडून बघायची. हे एक्सेलमध्येही होतं. विक्रेत्याच्या सादरीकरणात कृत्रिम बुद्धिमत्ता असा शब्द किती वेळा आला ते मोजू नका. मॉडेलला कोणती मापं लागतात तेवढं विचारा आणि उत्तर लिहून घ्या.

वेट बल्ब मुद्दाम म्हणालो. चिलरची उष्णता बाहेर सोडणारा कूलिंग टॉवर बाष्पीभवनावर चालतो, त्याला नुसता पारा दाखवून उपयोग नाही. पुण्यात मे महिन्याच्या कोरड्या दुपारी ४० अंश असले तरी टॉवर मजेत असतो. मुंबईच्या जुलैत ३० अंशांनाही त्याचा जीव मेटाकुटीला येतो. नुसत्या तापमानावर बेतलेलं मॉडेल मेमध्ये तुम्हाला शाबासकी देईल आणि पावसाळ्यात विनाकारण घंटा वाजवेल. दोन पावसाळे असे गेले की लोक घंटेकडे बघणंच सोडतात.

खरी मेख सेन्सरमध्ये आहे, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सादरीकरणात याची एकही स्लाइड नसते.

तुमचा सगळा हिशेब जाणाऱ्या आणि येणाऱ्या पाण्याच्या तापमानातल्या फरकावर उभा आहे. फरक ५ अंश आहे असं धरा. दोन्ही सेन्सर अर्ध्या-अर्ध्या अंशानं, आणि विरुद्ध दिशांना चुकले, तर तो फरक ४ तरी दिसेल नाहीतर ६. म्हणजे २० टक्के चूक. अशा जोडीवर कुणी तुम्हाला "१० टक्के बचत सिद्ध करून दाखवतो" म्हणत असेल, तर चहा पाजून वाटेला लावा. या जागी जोडीनं कॅलिब्रेट केलेले सेन्सर घ्यायचे, पाण्यात बुडणाऱ्या थर्मोवेल नावाच्या नळीमध्ये, तेही उष्णता वाहणारी पेस्ट भरून. पाइपावर टाय-रॅपनं बांधलेला सेन्सर पाण्याइतकाच प्लँटरूमच्या हवेचंही तापमान सांगतो.

एका साइटवर आमचीच फजिती झाली. गच्चीवरच्या टॉवरच्या टाकीत पीटी-१०० सेन्सर होता, पॅनेल चाळीस मीटर लांब. पाणी अपेक्षेपेक्षा साडेतीन अंशांनी गरम दिसायचं. टॉवरचं फिल (पाणी पसरवणारी आतली जाळी) धुऊन झालं, पंख्याचे पट्टे बदलले, पाण्याची प्रक्रिया करणाऱ्याला बोल लावून झाले. शेवटी पॅनेल उघडून बसलेला वायरमन म्हणाला, "साहेब, याची तिसरी तार कुठाय?" पीटी-१०० चा रोध अंशाला ०.३८५ ओहमनं वाढतो. एक चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत जाऊन-येऊन ऐंशी मीटरला साधारण १.४ ओहम भरतात. भागाकार करा, साडेतीन अंश येतात. तीन तारांची जोडणी नेमकी हा तारेचा रोध वजा करण्यासाठी असते, आणि आमच्या माणसानं वायर वाचवायला दोनच ओढल्या होत्या. टॉवर निर्दोष होता.

अशी अनेक भुतं आहेत. ऊर्जा मीटरच्या तीन सीटींपैकी (तारेतला प्रवाह मोजणाऱ्या कड्यांपैकी) एक उलटी बसली तर समतोल भारावर मीटर खऱ्याच्या एक तृतीयांश वीज दाखवतो, आणि पहिल्या महिन्यात सगळ्यांना वाटतं, वा, काय बचत झाली! कार्बन डायऑक्साइडचे स्वस्त सेन्सर स्वतःला आपोआप जुळवून घेतात. काही दिवसांतलं सर्वांत कमी वाचन म्हणजे बाहेरची ताजी हवा, साधारण ४०० पीपीएम, असं ते गृहीत धरतात. ऑफिस रात्री रिकामं होतं, तिथे हे चालतं. तुमचा वॉर्ड कधीच रिकामा होत नाही. तिथे तो सेन्सर हळूहळू कोंदट हवेलाच ताजी समजू लागतो. ती सोय बंद करता येणारा सेन्सर घ्या आणि वर्षातून एकदा तपासून घ्या. आणि घड्याळ! सर्व्हर ग्रिनिच वेळेवर ठेवून अहवाल भारतीय वेळेचा समजून वाचणारे मी पाहिलेत. सकाळी नऊला सुरू होणारी ओपीडी त्यात पहाटे साडेतीनला सुरू होते.

सेन्सर मेला तरी काही यंत्रणा शेवटचा आकडा उराशी धरून बसतात. आलेखात एकदम सरळ, शांत रेषा दिसते. खऱ्या पाण्याचं, खऱ्या हवेचं तापमान कधी इतकं शांत नसतं. म्हणून पहिला अलार्म यंत्राच्या बिघाडाचा ठेवू नका. "हा आकडा सहा तास हलला नाही," हा ठेवा.

नावांबद्दल दोन शब्द. पंधरा वर्षांच्या इमारतीत एकाच एएचयूला ड्रॉइंगवर एक नाव असतं, पॅनेलवर दुसरं, बीएमएसमध्ये तिसरं, आणि कर्मचारी त्याला "मॅडमच्या केबिनमागचा" म्हणतात. ट्विनला हे चौघं एकच आहेत हे कुणीतरी सांगावं लागतं. ब्रिक आणि हेस्टॅक अशा नावं ठेवायच्या खुल्या पद्धती आहेत, कुठलीही एक पाळा. पण आधी एका वहीत चार रकान्यांत चारही नावं लिहून काढा. हे काम कंटाळवाणं आहे आणि बाहेरचा माणूस ते करू शकत नाही, कारण चौथा रकाना फक्त तुमच्या लोकांच्या डोक्यात आहे. त्रिमितीय मॉडेलचं माझं मत सरळ आहे: नवी इमारत बांधत असाल आणि ते मॉडेल बांधकामातच तयार होत असेल तर जरूर सांभाळून ठेवा, नंतर कामी येतं. जुन्या इमारतीचं लेझर स्कॅन करून ते नव्यानं बनवणं म्हणजे फॉल्स सीलिंगचा फोटो काढणं. पाइप त्याच्या वर असतात. तुम्हाला चिल्ड वॉटरचं आणि विजेचं अद्ययावत एकरेषी ड्रॉइंग मिळालं तर ते सोन्यासारखं जपा.

आता पूल, धरणं आणि तुमचा सांगाडा.

अमेरिकेत मिनियापोलिसचा आय-३५डब्ल्यू पूल १ ऑगस्ट २००७ ला संध्याकाळच्या रहदारीत नदीत कोसळला, १३ माणसं गेली. चौकशीत निघालं की सांध्यांवरच्या काही गसेट पट्ट्या हव्या होत्या त्याच्या निम्म्या जाडीच्या होत्या. चूक मूळ संकल्पनातली, चाळीस वर्षं झाकून राहिलेली. त्या दिवशी डागडुजीचं सामान आणि यंत्रं नेमकी त्याच भागावर रचली होती. आता विचार करा, या पुलाचं ट्विन जुन्या ड्रॉइंगवरून केलं असतं तर? ती चूक इमानेइतबारे ट्विनमध्येही उतरली असती. मात्र कुणी बसून त्या पट्ट्यांचं बळ नव्यानं मोजलं असतं तर सापडली असती. काही वर्षांपूर्वी काढलेल्या फोटोंत त्या पट्ट्या वाकलेल्या दिसत होत्या. फोटो होते, पाहणी होत होती, पण "हे असं दिसायला हवं का?" ही तुलना झाली नाही. तिथे २००८ मध्ये उभ्या राहिलेल्या नव्या पुलात तीनशेहून जास्त सेन्सर बसवले.

सेन्सर बसवल्यावरही सोपं नसतं. स्वित्झर्लंडमध्ये झेड-२४ नावाचा पूल पाडायचा होता. पाडण्याआधी जवळजवळ वर्षभर त्याची कंपनं मोजली आणि मग मुद्दाम थोडी थोडी इजा करत गेले. कल्पना अशी की इजा झाली की पुलाची नैसर्गिक वारंवारता (तो सेकंदाला किती वेळा थरथरतो ती संख्या) बदलेल. बदललीच, पण त्याआधी थंडीत वरचं डांबर गोठून कडक झालं तेव्हाही ती बदलली होती, आणि तो बदल इजेच्या बदलाला झाकून टाकण्याएवढा मोठा होता. म्हणजे तापमान वेगळं काढल्याशिवाय पुलाचं आरोग्य वाचता येत नाही. तुमच्या वेट बल्बची गोष्ट तीच, फक्त जागा वेगळी.

आपल्याकडे महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला आणि त्यासोबत एसटीच्या दोन गाड्या गेल्या. अशा जागी मला कंपनांचं सूक्ष्म विश्लेषण नको आहे. पाण्याची पातळी मोजणारं एक उपकरण, पायाजवळची माती किती खरवडली गेली ते सांगणारं दुसरं, आणि ठरलेल्या पातळीला रस्ता बंद करण्याचा अधिकार असलेला, रात्री जागा असलेला माणूस एवढं हवं. पुलाला ट्विन हवं की नको यापेक्षा तो माणूस कोण, हे मी आधी विचारतो.

तुमच्या सात मजली सांगाड्याला सेन्सर नकोत. सांधे गळत असतील, गच्चीतून पाणी झिरपत असेल, कॉलमचं प्लॅस्टर फुगून सळ्या गंजलेल्या दिसत असतील, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा, तो हातोडी ठोकून आणि काँक्रीटचे गाभे (नमुने) काढून जे सांगेल ते कुठलाही कंपनमापक सांगणार नाही. शेजारी खोल खोदकाम सुरू झालं तर तात्पुरते कलमापक (झुकाव मोजणारे) आणि भेगांवरचे मापक लावावेत, तो अपवाद.

ऑपरेशन थिएटरचं मात्र मापन हवंच. रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या एनएबीएचच्या मार्गदर्शनात तासाला किमान २० वेळा हवा बदलणं, त्यातली ४ वेळा ताजी, आणि आत किमान २.५ पास्कलचा जादा दाब हे आकडे आहेत. २.५ पास्कल म्हणजे पाव मिलिमीटर पाण्याचा दाब, दार नीट न लागण्यानंही तो जातो. तिथे दाबाची नोंद सतत ठेवा, पण ट्विनला तिथल्या पंख्याला हात लावू देऊ नका. वाचू दे, ओरडू दे, बटण माणसानं दाबायचं. चिलरचा सेटपॉइंट (पाणी किती अंशांवर सोडायचं तो ठरवलेला आकडा) ट्विननं परस्पर बदलायचा की नाही, तेही पहिलं वर्ष सगळे ऋतू बघून झाल्यावर ठरवा.

करारात काय असावं? नोंदी तुमच्या मालकीच्या असाव्यात आणि करार संपल्यावर साध्या तक्त्याच्या रूपात, सर्व वर्षांच्या, मिळाव्यात. नवी कंट्रोलर यंत्रणा बॅकनेट किंवा मॉडबस या यंत्रांच्या सामाईक भाषा उघडपणे बोलणारी असावी. सेन्सर कॅलिब्रेशन वार्षिक देखभाल करारातच, दरासकट लिहिलेलं असावं. नाहीतर ते कधीच होत नाही. आणि हे जाळं रुग्णांच्या नोंदींच्या जाळ्यापासून वेगळं ठेवा. अमेरिकेतल्या टार्गेट या दुकानसाखळीत २०१३ साली चोर शिरले ते वातानुकूलन आणि रेफ्रिजरेशनच्या ठेकेदाराचा लॉगिन वापरून, आणि सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती घेऊन गेले. विक्रेता "दुरून बघायला" कायमचा रस्ता मागेल. देऊ नका, लागेल तेव्हा उघडा.

एक राहिलं. तुमच्या प्लँटरूममध्ये एखादा जुना ऑपरेटर असेल, जो आवाजावरून कॉम्प्रेसर ओळखतो आणि लॉगबुकात तासातासाला आकडे लिहितो. ते लॉगबुक मागच्या तीन वर्षांचं गोळा करा. त्यात काही रात्रींचे आकडे सकाळी एका बैठकीत लिहिलेले सापडतील, शाई आणि अक्षर सांगतं. ते सोडून द्या, रागवू नका. उरलेल्या नोंदी हेच तुमच्या मॉडेलचं पहिलं खाद्य. ट्विन आलं की या माणसाला वाटतं, आपली नोकरी गेली, आणि मग सेन्सरच्या वायरी सुटू लागतात. त्याला पहिल्या दिवसापासून बरोबर घ्या. फरक दिसला की टॉर्च घेऊन वर जाणारा तोच असणार आहे.

तर विश्वस्तांना सांगा, चित्र पुढच्या वर्षी बघू. या महिन्यात दोन चांगले डिजिटल थर्मामीटर विकत आणा, बर्फाच्या पाण्यात बुडवून दोन्ही शून्य दाखवतात का ते बघा. मग दुपारी तीन वाजता, प्लँट भरात असताना, चिलरच्या जाणाऱ्या आणि येणाऱ्या लाइनवरच्या टेस्ट पॉइंटला एकाच वेळी लावा. जे दोन आकडे येतील ते, आणि त्या क्षणी बीएमएसच्या पडद्यावर दिसणारे दोन आकडे, असे चार मला कळवा. पुढचं त्यावरून ठरवू.